डाएट एकट्या पोरीचं नको, घराचं हवं!

जूनच्या शेवटाला आपल्या विदर्भातल्या शाळा उघडतात आणि घरोघरी कपाटातले गणवेश बाहेर निघतात. गेल्या वर्षीचा ड्रेस आखूड झाला तर आईला कौतुकच वाटतं, पोर वाढली म्हणून! पण लांबी तेवढीच आणि कमरेचं बटन काही केल्या लागत नाही, तेव्हा मात्र घरात कुजबुज सुरू होते. आजी म्हणते, “खात्यापित्या घरची पोर आहे, नजर नका लावू.” काकू म्हणते, “आताच आवरा बाई, उद्या पाहुणे पाहायला येतील.” शेजारीण हसत हसत विचारते, “कोण्या चक्कीचं पीठ खाते गं पोरी?” आणि ती तेरा-चौदा वर्षांची पोर खाली मान घालून आत निघून जाते.

मैत्रिणींनो, या तिघीही तशा वाईट नाहीत. पण तिघींच्या बोलण्यातून त्या पोरीच्या हाती काय लागलं? काहीच नाही. मग रात्री घरात फर्मान निघतं, “उद्यापासून हिचा भात बंद, साखर बंद!” दुसऱ्या दिवशी ती कोरडी पोळी चावत बसते आणि तिच्यासमोरच भाऊ आलूबोंडा खातो, बाबा शेव-चिवड्याची पुडी फोडतात. आठ दिवस हे चालतं. नवव्या दिवशी ती लपून खायला लागते. पुन्हा बोलणी, पुन्हा रडारड. वजन जागच्या जागीच, पोरीचा जीव मात्र निम्मा होतो.

असं का होतं? वजन वाढायला अख्खं घर कारणीभूत असतं आणि ते कमी करायची शिक्षा आपण एकट्या पोरीला देतो, म्हणून!

हा शहरातला आजार नाही का?

“आमच्याकडं काहून असे आजार येतील? ते पुण्या-मुंबईच्या पोरांचं,” असं अजून पुष्कळ जणी म्हणतात. जरा आकडे पाहू. जगभरच्या संशोधकांनी मिळून केलेला एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यानुसार १९९० मध्ये आपल्या देशात ५ ते १९ वर्षांची सुमारे ४ लाख मुलं-मुली स्थूल होती. २०२२ मध्ये हा आकडा सव्वा कोटीवर गेला!

आता दुसरी बाजूही बघा. सरकारने २०१६ ते २०१८ या काळात देशभर मुलांच्या पोषणाची पाहणी केली. त्यात १० ते १९ वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्के मुलं वयाच्या मानाने बारीक आढळली, तर सुमारे ५ टक्के जादा वजनाची. म्हणजे एकाच वर्गात एका बाकावर हाडकुळी पोर आणि शेजारच्या बाकावर जाड पोर. कधी कधी तर एकाच घरात! वर जाड पोरीच्या अंगात रक्त भरपूर असेल असंही नाही. वजन जादा आणि हिमोग्लोबिन कमी, असं दोन्ही एकदम असू शकतं. पोट भरतं, पण लोह आणि प्रथिनं मिळत नाहीत.

मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावसारखं गाव डोळ्यांसमोर आणा. सोयाबीन-तुरीचा आपला वाशीम जिल्हा. दोन पिढ्यांपूर्वीची पोर विहिरीवरून पाणी आणायची, शेतात भाकरी घेऊन जायची, गोवऱ्या थापायची. ते कष्ट गेले ते बरंच झालं. कुणालाही ते परत नको आहेत. पण त्यांच्यासोबत अंगाची हालचालही गेली आणि तिच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. शाळेला जायला ऑटो नाही तर बाबांची गाडी, संध्याकाळी ट्यूशन, रात्री मोबाईल. किराणा दुकानात दारातच पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या लडी लटकलेल्या. पूर्वी तेल पळीने मोजून घ्यायचे, आता घरात पिपा येतो. पोर मुद्दाम कुठं जाड झाली? तिच्या भोवतीचं सगळंच बदललं.

पुण्याजवळच्या बाळांनी शिकवलेली गोष्ट

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन किलो. बाळं दिसायला अगदी किरकोळ. पण नीट मोजमाप केलं तेव्हा कळलं, की ती स्नायूंना कमी आणि त्या मानाने चरबीला भरलेली होती! दिसायला बारीक, आतून चरबीवाली.

याच डॉ. याज्ञिकांनी पुढे २००४ मध्ये एक गमतीशीर फोटो प्रसिद्ध केला. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या मानाने वजन काढायचा ‘बीएमआय’ दोघांचाही सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के!

याचा अर्थ सरळ आहे. आपल्या अंगाला थोडंसं जादा वजनही लवकर बाधतं. पूर्वी पन्नाशीत होणारा मधुमेह आता विशीच्या आतल्या मुलांतही डॉक्टरांना दिसू लागला आहे. मुलींच्या बाबतीत पाळीच्या तक्रारी येतात त्या वेगळ्याच. म्हणूनच “वय वाढलं की आपोआप झडेल” म्हणून वाट पाहणं बरं नाही.

एक सुतळी घ्या

मग पोर खरंच जाड आहे की वयात येताना भरते तशी भरली आहे, हे कसं ओळखायचं? दहा-बारा वर्षांच्या पुढे मुलींच्या अंगावर थोडी चरबी येणं हे निसर्गाचंच काम आहे. त्याला घाबरायचं कारण नाही.

घरच्या घरी एक सोपा उपाय करता येतो. पोरीच्या उंचीएवढी सुतळी कापा. ती बरोबर मधोमध दुमडा. आता ही दुमडलेली सुतळी तिच्या बेंबीजवळून कमरेभोवती गुंडाळा. दोन्ही टोकं आरामात भेटली तर ठीक. भेटत नसतील, तर पोटावर चरबी साठते आहे असं समजा. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा साधा नियम मुलांना आणि मोठ्यांनाही लागू पडतो. म्हणून सगळ्यांनीच मोजून घ्या, बाबांचीही सुतळी लावा! एकट्या पोरीला मधे उभं करून मोजू नका.

डॉक्टरांकडे यासाठी तक्ते असतात. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांनी आपल्या मुलांच्या वाढीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी काढलेले तक्ते दवाखान्यात वापरतात. परदेशी तक्त्यावर ‘ठीक’ दिसणारं मूल आपल्या तक्त्यावर जाड ठरू शकतं, म्हणून आपलाच तक्ता वापरायचा.

आणखी एक खूण आईच्याच नजरेला पडते. पोरीच्या मानेवर मागच्या बाजूला, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी होते. आई म्हणते, “मळ आहे, नीट घासत नाही,” आणि बेसन-दही लावून मान लाल होईस्तोवर घासते. बायांनो, घासू नका! तो मळ नाही. शरीरात इन्सुलिनचं काम बिघडू लागलं, की पुष्कळदा अशी खूण दिसते. ती दिसली तर साखर तपासून घ्या.

उपाय कुठला लागू पडला?

जाड मुलांसाठीचे आहार-व्यायामाचे कार्यक्रम जगात पुष्कळ झाले. त्यातला सगळ्यात बोलका अनुभव अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा आहे. लिओनार्ड एपस्टाईन नावाच्या संशोधकाने ६ ते १२ वर्षांच्या जाड मुलांच्या घरांचे तीन गट केले. आहार आणि व्यायामाची माहिती सगळ्यांना दिली. पण पहिल्या गटात मूल आणि आई-बाप दोघांनीही स्वतःचं वजन आणि सवयी बदलायच्या होत्या. दुसऱ्यात लक्ष फक्त मुलावर. तिसऱ्यात अशी कुणावरच खास जबाबदारी नव्हती.

दहा वर्षांनी त्या मुलांना पुन्हा मोजलं. ते निकाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. वय-उंचीच्या मानाने असलेलं जादा वजन पहिल्या गटात ७.५ टक्क्यांनी उतरलेलं होतं. फक्त मुलावर लक्ष दिलेल्या गटात ते ४.५ टक्क्यांनी वाढलं होतं आणि तिसऱ्या गटात १४.३ टक्क्यांनी! घर बदललं, तिथेच पोर सावरलं.

दुसरी शिकवण धीराची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं, की तीन महिने ते वर्षभरात निदान २६ तास त्या कुटुंबाबरोबर बसून काम केलं तर गुण येतो. म्हणजे डॉक्टरांनी एका भेटीत “वजन कमी करा” म्हटल्याने काही होत नसतं. आपल्या गावात एवढे तास द्यायला आहारतज्ज्ञ कुठून येणार? पण मैत्रिणींनो, २६ तास म्हणजे आठवड्याला एक तास धरला तर सहा महिने. चार घरच्या आया आठवड्यातून एकदा पोरींना घेऊन बसल्या, तर एवढं आपल्या हातचं आहे. बचत गटाच्या बैठकीला आपण बसतोच की!

स्वयंपाकघरातले तीन दिवे

याच एपस्टाईनने मुलांना समजेल अशी एक युक्ती काढली होती. चौकातल्या सिग्नलसारखे खाण्याचे तीन रंग. आपल्या वऱ्हाडी ताटात ते असे बसतात :

हिरवा दिवा, पोटभर खा : मेथी, अंबाडी, पालक, चवळीची भाजी, काकडी, मुळा, भेदरं, गाजर, दुधी, पातळ ताक. भाजीला तेल मात्र बेताचं.

पिवळा दिवा, ताटात मापाने घ्या : ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, पोळी, भात, तुरीचं घट्ट वरण, मूग-मटकीची उसळ, चून, अंडी, दूध-दही, मूठभर फल्लीदाणे, संत्रं, पेरू, सीताफळ. यातलं काहीही बंद करायचं नाही. वाढत्या अंगाला हे सगळं लागतंच. फक्त वरण-उसळ जास्त आणि भात थोडा कमी, एवढं बघा.

लाल दिवा, थांबा आणि विचार करा : समोसा, कचोरी, आलूबोंडा, पोंगे, पाकिटातले खारे पदार्थ, क्रीमची बिस्किटं, थंड पेयं. हे कायमचं बंद केलं तर पोर चोरून खाते. म्हणून आठवड्याचा एक दिवस ठरवा. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून, आनंदाने खा. बाकीचे सहा दिवस ते घरातच आणायचं नाही. घरात नसलेल्या वस्तूवरून भांडण होत नाही!

तेलाचा हिशोबही करून पाहा. माणशी दिवसाला चार-पाच चहाचे चमचे तेल पुरतं, म्हणजे महिन्याला सहाशे ते साडेसातशे ग्रॅम. चौघांच्या घरात पंधरा किलोचा पिपा पाच-सहा महिने चालायला हवा. आपल्याकडे किती दिवस चालतो? झाकणावर पिपा फोडल्याची तारीख लिहून ठेवा, म्हणजे कळेल.

साखरेचंही तसंच. पाव लिटर थंड पेयात पाच-सहा चमचे साखर असते. दिवसाचे तीन कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे आणखी सहा. चहातला अर्धा चमचा दर पंधरवड्याला कमी करा. जिभेला कळतही नाही.

जेवताना टीव्ही आणि मोबाईल बंद. हा नियम मोठ्यांनाही बरं का! रात्रीचं जेवण जरा लवकर आणि सगळ्यांनी एकत्र. दहावीच्या पोरीलाही आठ तास झोप मिळाली पाहिजे. जागरण करणाऱ्याला भूक जास्त लागते, आणि रात्री अकराला कुणी काकडी खात नाही.

तासभर घाम, पण लाज न वाटता

जागतिक आरोग्य संघटना सांगते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर चांगली दमवणारी हालचाल हवी. ती सलगच हवी असं नाही. शाळेला सायकलने वीस मिनिटं, दोरीवरच्या उड्या दहा मिनिटं, संध्याकाळचा अर्धा तास खेळ, झाला तास! मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. ज्या घरी अशी सायकल ओसरीवर पंक्चर होऊन पडली असेल, त्यांनी आधी तिचं पंक्चर काढा.

खरी अडचण वेगळीच असते. मुलीला पाळी आली, की तिचं खेळणं बंद होतं. मैदान मुलांचं आणि ओटा पोरींचा! त्यात जाड पोर धावली की हसणारे दहा जण. मग ती पीटीच्या तासाला पोट दुखतं म्हणून वर्गात बसून राहते. म्हणून पोरींना एकटं पाठवू नका, टोळीने पाठवा आणि आयांनीही सोबत जा. पहाटे रस्त्याने फिरायला जाणाऱ्या बाया आता गावोगावी दिसतात. त्यांच्यासोबत लेकी का नकोत?

खेळाची परंपरा आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. तिथल्या खेळाडूंनी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रदर्शन करून दाखवलं होतं. कबड्डी, खो-खो, लंगडी यांना ना मशीन लागतं ना फी. भुलाबाईच्या दिवसांत पोरी गोल धरून फेर घेतातच. त्यात फुगडी-झिम्म्याची भर घाला. पंधरा मिनिटं फुगडी घालून बघा, जिमची आठवण राहणार नाही!

शाळेकडेही मागणं मागा. शाळेच्या उपाहारगृहात तळलेले, जादा तेल-मीठ-साखरेचे पदार्थ ठेवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्येच काढला आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि भोवतीच्या ५० मीटरमध्ये अशा पदार्थांच्या विक्रीला मनाई केली आहे. आणि शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. म्हणजे तिथे आपलं तोंड उघडायला कायद्याचाच आधार आहे. गेटसमोरचं पोंग्यांचं दुकान आणि मुलींसाठी मैदानाचा राखीव तास, हे दोन विषय पुढच्या बैठकीत मांडाच.

हे मात्र करू नका

• उपाशी ठेवू नका. वाढीच्या वयात उपासाने हाडं आणि रक्त दोन्ही मार खातात. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच जेवायचं आवाहन गावोगावी गाजलं. पण ते १८ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, हे त्या पद्धतीतच सांगितलेलं आहे.

• वजन उतरवणाऱ्या पावडरी, काढे, गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका. आता इंजेक्शनांचीही चर्चा आहे. ती तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवायची गोष्ट आहे.

• “जाडी”, “ढोली” ही नावं घरातून हद्दपार करा. चिडवल्याने वजन उतरत नाही. पोर आणखी लपून खाते आणि खेळणं सोडते.

• लग्नाचा धाक घालू नका. तब्येत तिची आहे, पाहुण्यांची नाही.

• बक्षीस म्हणून खाऊ देऊ नका. महिनाभर नेम पाळला तर दोरी द्या, चांगले बूट द्या, सायकलला नवी घंटी द्या.

डॉक्टरांकडे कधी?

पाळी दोन-तीन महिने चुकत असेल, ओठावर-हनुवटीवर राठ केस येत असतील, झोपेत जोराने घोरत असेल, गुडघे दुखत असतील, मान काळी पडली असेल किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, तर थांबू नका. वजन वाढतं आहे पण उंची खुंटली आहे, असं दिसलं तर थायरॉईडसारखी तपासणी करून घ्यावीच लागते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री’ केंद्रं आहेत. आपल्या भागात जवळचं कुठलं, हे आशाताईंना विचारा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा पोरीचं वजन-उंची वहीत लिहून आणायला सांगा. वर्षाला एक ओळ जरी लिहिली, तरी पुढे डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

आणि शेवटचं, घाई नको. वाढत्या वयातल्या बहुतेक मुलांना वजन उतरवावं लागतच नाही, ते फक्त थोपवावं लागतं. वजन वर्षभर तिथेच राहिलं आणि उंची तीन-चार इंच वाढली, तर पोर आपोआप सडपातळ दिसते. तिची उंची वाढायची थांबली असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वजन उतरवायचं. रोज काट्यावर उभं करू नका, महिन्यातून एकदा पुरे. तीन महिन्यांनी तीच सुतळी पुन्हा काढा. टोकं बोटभर जवळ आली, तरी त्या दिवशी घरात सगळ्यांचं कौतुक करा. कारण भात फक्त तिनेच कमी केला नव्हता, पिपा सगळ्यांनी मिळून पुरवला होता.